प्लास्टिकमधला शरारा

अध्यक्षांनी ग्लासातलं पाणी थेट स्केचवर ओतलं आणि रुमालाने पुसून टाकलं. "बघा साहेब, काई होत न्हाई. आता लई पक्कं हाय."

मी जुने कागद दुरुस्त करतो. बीडमधल्या या छोट्या खासगी संग्रहालयाने मला एका स्केचवरचे डाग काढायला बोलावलं होतं. मी पोचण्याआधी मंत्र्यांच्या हस्ते नव्या दालनाचं उद्घाटन ठरलं. अध्यक्षांनी झेरॉक्सच्या दुकानातून स्केच लॅमिनेट करून आणलं. आपण जातीचा दाखला करून आणतो, तसं.

स्केच पन्नासच्या दशकातलं. हैदराबादेत काम शिकून आलेल्या एका शिंप्याने बायकोसाठी काढलेला लग्नाचा शरारा, पेन्सिल आणि जलरंगात. कोपऱ्यात त्याच लाल रेशमाचा बोटभर तुकडा चिकटवलेला. याला स्वॉच म्हणतात. कापडाचा रंग-पोत कळावा म्हणून लावतात. शरारा कधीच विरून गेला. घरात वाळवी लागली तेव्हा शिंप्याच्या मुलीने, शमीमआपांनी, स्केच संग्रहालयाला दिलं. अट एकच, शुक्रवारी येऊन तुकड्याला हात लावू द्यायचा.

त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. "अम्मीचं एवढंच कापड ऱ्हायलंय. कागद तुमी ठेवा. मला तेवढं काढून द्या."

लॅमिनेशनमध्ये प्लास्टिकच्या आतला गोंद उष्णतेने वितळतो आणि धाग्याधाग्यात शिरतो. तो काढायला गोंद विरघळवणारा द्रावक लागतो. मी तुकड्याच्या कडेपाशी प्लास्टिक कापलं आणि द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा टेकवला. बोळा लाल झाला. गोंद जागेवरच होता, रंग निघाला. प्लास्टिक चिमट्याने जरासं उचललं, तर धागे त्याच्यासकट उठले.

"बस करा," शमीमआपा म्हणाल्या.

"कावून?" अध्यक्ष म्हणाले. "ऱ्हाऊ द्या की तसंच. आता कुनी हात लावून मळवणार न्हाई."

"हात मीच लावत होते, अध्यक्षसाहेब."

अध्यक्षांनी मंडपवाल्याला फोन लावला.

शमीमआपांनी बोळ्याकडे बोट दाखवलं. "हे टाकून देणार का?"

मी तो वाळवून कागदात गुंडाळून दिला. त्यांनी तो पर्समध्ये ठेवला आणि गेल्या. त्यानंतर एकाही शुक्रवारी त्या संग्रहालयात आल्या नाहीत.

उद्घाटनाला मंत्री स्केचसमोर थांबले. म्हणाले, "प्रिंट छान आलीय."

हल्ली कुणी बोलावलं की कागद किती जुना आहे हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, पाहुणे कोण येणार आहेत.