खडकातली हवा

आमच्या घराची मागची खोली मे महिन्यातही गार असते. जबलपुरातल्या मदन महालच्या टेकडीचे खडक उतरत उतरत जिथं संपतात, तिथल्या शेवटच्या खडकाला टेकवून बाबांनी ती बांधली. भिंत आणि खडक यांच्यामध्ये जमिनीलगत हात जाईल एवढी फट राहून गेली. बाबा गेले, आणि त्यानंतर आई रोज दुपारी तिथं खुर्ची टाकून बसू लागली. पायांना गार झुळूक लागली की पुटपुटायची, "आले."

ऊन जितकं कडक, तितकी झुळूक जोरात. बाबाही तसेच होते. बाकीचे कामगार कारखान्यातच डबा खायचे, हे भर उन्हात सायकल मारत जेवायला घरी. मी शिकलेला माणूस, नगर निगमात नोकरीला, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. फक्त त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचो आणि आधी खोकायचो.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या देशांतली माणसं आली. काठमांडू, ढाका, कोलंबो आणि आमचं जबलपूर यांनी मिळून ठरवलं होतं, की कोळशाची वीज कमी जाळून घरं गार कशी ठेवायची, यातलं ज्याला जे जमतं ते त्याने इतरांना दाखवायचं. पाहुण्यांना गावभर फिरवायला मला नेमलं, ते माझ्या इंग्रजीमुळे. ते इतकं सावकाश चालतं की सगळ्या देशांना पोचतं.

एका दुपारी उन्हाने सगळे बेजार झाले, म्हणून त्यांना सरबत प्यायला घरी आणलं. काठमांडूची इंजिनियर मुलगी घरभर तापमान मोजत हिंडत होती. मागच्या खोलीत गेली आणि तिथंच अडकली. गुडघे टेकून तिने फटीला तळहात लावला.

"दादा, ये हवा तो पत्थरों के अंदर से आ रही है!"

मग तिने समजावलं. हिवाळ्यातली थंडी खडकांच्या पोटातल्या पोकळ्यांत साठते. उन्हाळ्यात ती गार, जड हवा खाली घसरत येते आणि पायथ्याशी बाहेर पडते. बाहेर जितकं तापेल, तितक्या जोरात. ढाक्याचे प्राध्यापक हळहळले, "हमारे यहाँ तो खोदो तो पानी." कोलंबोचे गृहस्थ तोवर नळी कुठून न्यायची ते बोटाने दाखवू लागले होते. फटीपासून गल्लीतल्या घरांपर्यंत एक नळी, टोकाला उन्हावर चालणारा छोटा पंखा. इथं साधलं तर काठमांडूच्या डोंगरउतारावरही करून बघायचं. फक्त घरच्यांची परवानगी हवी होती.

"मदर... इज... स्लीपिंग," मी म्हणालो.

मदर दारात उभी होती.

"काय म्हणून राहिली रे ती?"

"काही नाही, मापं घेऊन राहिली."

आईने मला बाजूला सारलं. "बेटी, तू बता. ये हवा कौन भेजता है?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी जमेल तेवढं विनवलं. पण खोटं बोलणं तिला जमेना.

"पत्थर, माँजी. जाड़े की ठंड अंदर बैठी रहती है."

पाहुणे गेल्यावर आईने खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर कान देऊन उभा. आतून "आले" ऐकू आलं नाही.

दिवेलागणीला ती बाहेर आली.

"तुला ठाऊक होतं?"

"आजच कळलं."

"मग आत येताना खोकत काहून होता?"

मी दिव्याचं बटण शोधू लागलो.

"लावू दे त्यांना नळी," ती म्हणाली. "नुसती हवाच असेल तर माझं काय जाते? आणि नसेल, तर नळीतूनही येतील."

नळी बसली. पाहुणे आपापल्या देशी गेले. काठमांडूहून अधूनमधून निरोप येतो, तिथल्या कपारींत त्या मुलीचं मोजणं चालू आहे. हवा नळीने पुढे जाऊ लागली, आमच्याकडे झुळूक नावापुरती उरली. आई तरी खुर्ची टाकून बसायची, पाय पुढे करून, फटीकडे बघत. मी विचारायचो नाही, तीही सांगायची नाही. मला मात्र ती खोली पहिल्यांदाच रिकामी वाटू लागली, आणि रिकामी असूनही मी तिथं एकटा बसेना.

एका दुपारी कचेरीतून घरी आलो तर खुर्ची जागेवर नव्हती. आईही नव्हती. शोधत शेजारी गेलो. तिथं एक म्हाताऱ्या बाई एकट्याच राहतात, तेही भाड्याने. नळीचं पहिलं तोंड त्यांच्याच खोलीत उघडतं. आमची खुर्ची तिथं होती. दोघी नळीसमोर शेजारी शेजारी बसलेल्या.

त्या बाई हळूच विचारत होत्या, "दीदी, हमारे वाले भी आते होंगे क्या? उन्हें तो ये मकान मालूम भी नहीं. उनके जाने के बाद लिया था."

आईने आपले पाय मागे ओढले आणि नळीसमोरची जागा मोकळी केली.

"यहाँ पाँव रखो जी. और बोलो मत. बोलने से देर लगाते हैं."

दोघींनी डोळे मिटले. मी उंबऱ्यातच थांबलो. बाहेर ऊन तापत होतं.