बबनरावांचं पोहणारं मुद्दल

नाचणगावच्या बबनरावांनी एकतीस वर्षं लोकांना स्वतःचे पैसे विसरायला शिकवलं. पुलगावात ते अल्पबचतीचे एजंट होते. कुणी विहिरीच्या मोटरसाठी मुदतीआधी पैसे मोडायला निघालं, की ते बहात्तरला व्याजदरानं भागून रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते दाखवत आणि म्हणत, "मुद्दलाले हात नाई." मोटर मग उधारीवर येई, मुद्दल शाबूत राही.

अशा माणसानं शेततळ्यात मासे सोडावेत याचं गावाला नवल वाटलं. पण बबनरावांनी रीतसर आकडेमोड केली होती. मासोळी अंडी घालते लाखानं. हजारातलं एक पिल्लू जगलं तरी पोस्टाला लाज वाटावी असा दर निघत होता. भांडवल तेवढं बायकोचं होतं. शकुबाईंनी लष्करी डेपोच्या कॅम्पात दूध घालून साठ हजार जमवले होते.

"पोस्टात साडेसात टक्के भेटते मले," शकुबाई म्हणाल्या. "याच्यात बुडाले तं?"

"मासा पाण्यात बुडत नाई."

"माहे पैसे बुडते."

तरी त्यांनी दिले. नवरा आयुष्यात पहिल्यांदाच काही जोखमीचं बोलत होता. त्यांना ते बरं वाटलं असावं.

बोटुकली, म्हणजे रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं, मासेवाल्या प्रेमदासनं आणली. एवढ्या तळ्याला हजार पुरेत, असं तो म्हणाला. बबनरावांनी दीड हजार सोडली. मुद्दल जास्त तर व्याज जास्त.

पुढच्या आषाढात प्रेमदास जाळं घेऊन आला. मासे पाऊण-एक किलोचे झाले होते.

"काका, काढून टाका. श्रावण लागला का कोणी खात नाई."

"पिल्लं झाल्याबिगर नाई. मुद्दलाले हात नाई."

कोणतं मुद्दल हे प्रेमदासला कळलं नाही. तो जाळं खांद्यावर टाकून परत गेला.

श्रावणात आठ दिवस सूर्य दिसला नाही. नवव्या सकाळी सगळं तळं वर आलं होतं. मासे पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासत होते. चौदा मेलेले तरंगत होते. शकुबाईंनी ते मोजून काठावर ओळीनं मांडले. बबनरावांना त्या बोलल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी प्रेमदासला फोन केला.

"यायले हवा पुरून नाई राह्यली," प्रेमदास आल्या आल्या म्हणाला. "ऊन नसलं का पाण्यात हवा तयार नाई होत, अन् त्यात दाटी झाली. आजच पाचशे तरी काढा."

"अन् पिल्लं?"

"काका, रोहू-कटल्याले अंडे द्याले नदीचं वाहतं पाणी लागते. तळ्यात ते नुसते मोठे होते. शंभर वर्षं ठेवा, एकाचे दोन नाई होणार."

बबनरावांनी तळ्याकडे पाहिलं. चक्रवाढ व्याज तोंड उघडून हवा मागत होतं.

"पण श्रावणात घेईन कोन?" त्यांनी विचारलं.

"कॅम्पातल्या बंगाली बाया," शकुबाई म्हणाल्या. "त्यायले कुठचा श्रावण? दूध घेता घेता दोन वर्षांपासून इचारून राह्यल्या, ताजा मासा कुठं भेटते म्हून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी हात लावू देले असते?"

कमरेला दोर बांधून बबनराव स्वतः पाण्यात उतरले. जाळ्यातला पहिला कटला त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. मुदतीआधी पावती मोडताना गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी आजवर टेबलाच्या पलीकडून पाहिलं होतं.

पाचशे मासे निघाले. शकुबाई दुधाच्या फेरीत घरोघर सांगून आल्या आणि दोन दिवसांत एकशे तीस रुपये किलोनं चार क्विंटल माल उठला. तिसऱ्या सकाळी तळ्यावर एकही तोंड वर नव्हतं.

"बावन्न हजार," बबनराव पडेल आवाजात म्हणाले. "आठ हजार कमीच हायेत."

"कमी कुठचे? बाकीचे पोहून राह्यले ना. दिवाळीपर्यंत सव्वा किलोचे होतीन."

हा दर बहात्तरच्या भागाकारात कुठं बसतो, ते बबनराव मनातल्या मनात पाहू लागले. प्रेमदासनं विचारलं, पुढच्या खेपेला बोटुकली किती आणू? बबनरावांनी तोंड उघडलं.

"हजार," शकुबाईंनी सांगितलं. "यायले नको इचारू. मले इचारत जाजो."