शेजाऱ्याची वाफ आणि माझा करदोटा

उष्णतेच्या बाबतीत मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. जर्मनीत, रेगेन्सबर्गला, शेजारच्या म्हाताऱ्याच्या न्हाणीत मात्र मी चहा उकळायच्या आत आडवा झालो.

चौथीत शाळा सोडली, तेव्हापासून मी चुरमुऱ्याच्या भट्टीवर. पोरगा शिकला, इकडं मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर झाला. भट्टी बंद पडल्यावर आम्ही नवरा-बायको दर थंडीत तीन महिने त्याच्याकडं यायला लागलो. नातवाला सांभाळायला, असं म्हणतात. खरं तर नातूच मला सांभाळतो, रस्ता ओलांडताना हात धरतो.

शेजारी म्हातारा एकटा राहायचा. जातीचा जर्मन, पण जन्म कझाकस्तानातला, वाढला रशियन लोकांत. मागच्या अंगणात त्यानं स्वतः लाकडाची एक खोली बांधलेली. आत दगडांची चूल, त्या तापल्या दगडांवर पाणी ओतायचं आणि वाफेत बसायचं. बान्या म्हणतात त्याला. बायको होती तोवर दोघं दर शनिवारी बसायची. ती गेली, मग ह्याच्या काळजाचं ऑपरेशन झालं, आणि दर शनिवारी न्युरेम्बर्गहून येणाऱ्या लेकीनं खोलीला कुलूप घातलं. एकट्यानं आत जायचं नाही, जोडीला माणूस असेल तरच किल्ली मिळेल, असं तिचं म्हणणं.

मी दारातलं बर्फ ओढत होतो, तेव्हा त्यानं कुंपणावरून आधी धुराड्याकडं बोट केलं, मग माझ्याकडं. पोरानं अर्थ सांगितला आणि नियमही सांगितले. भरल्या पोटी जायचं नाही, उपाशीही नाही, आधी दारू नाही. डोक्याला लोकरीची जाड टोपी घालायची. पहिल्यांदा खालच्या फळीवर बसायचं. अंगावर धातू ठेवायचा नाही. बाबा, नीट ऐका, म्हणाला. मी म्हटलं, भट्टीवाल्याला तू वाफ शिकवतोस?

तर मी टोपी घातली नाही, कारण गरमीत लोकर घालतात ती मेंढरं. चढलो थेट वरच्या फळीवर. अंगठी काढली, पण कमरेचा चांदीचा करदोटा चड्डीखाली दडवला. तो वडिलांनी घातलेला, आणि आमच्याकडं माणूस गेल्यावरच तोडतात. परक्या मुलखात एवढ्यासाठी मरायची तयारी नव्हती.

म्हाताऱ्यानं दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ वर आली, म्हणजे मी बसलो होतो तिथंच. थोड्या वेळानं कमरेभोवती कुणीतरी निखाऱ्यांची माळ घातल्यासारखं झालं. ताडकन उठलो. एवढ्या उष्णतेत ताडकन उठायचं नसतं, हे उठल्यावर कळलं. डोळ्यांपुढं अंधार, आणि मी म्हाताऱ्याच्या मांडीवर. ऑपरेशन झालेल्या माणसानं मला ओढत बाहेर बाकावर नेलं, आडवं केलं, पाय उचलून वर धरले. शुद्ध आल्यावर घोट घोट पाणी पाजलं. त्याची हाक ऐकून घरातून लेक धावत आली. मला बघितलं, बापाला बघितलं, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेली.

घरी बायकोनं कमरेवरचा लाल पट्टा बघितला. "अहो, भट्टीवर तापला झारा उघड्या हातानं धरत होता का?" एवढंच बोलली आणि मलम लावलं, जरा जोरातच.

पुढच्या शनिवारी म्हातारा अंगणात येऊन थंड धुराड्याकडं बघत उभा राहिला. दुपारभर मी खिडकीशी बसून होतो. शेवटी बायकोला म्हटलं, काढ हा. तिनं नातवासाठी आणलेला काळा दोरा आधी माझ्या कमरेला बांधला, मग चांदीचा सोडवला. मधे क्षणभरही मोकळं राहू दिलं नाही.

पोराला घेऊन शेजारी आलेल्या लेकीकडं गेलो आणि स्वेटर वर करून दोरा दाखवला. बाई दचकली. पोरानं खुलासा केल्यावर हसली. मग अटी घातल्या. मी खालच्या फळीवरच बसायचं, भिंतीवरचं वाळूचं घड्याळ संपलं की दोघांनी बाहेर यायचं, बाप पांढरा पडला तर मी ओरडायचं. ओरडायला भाषा लागत नाही, ते मला जमतं. किल्ली मिळाली.

मग ते शनिवार. त्याचे तीन शब्द मला पाठ झाले. लांगझाम म्हणजे हळू, वासर म्हणजे पाणी, राउस म्हणजे बाहेर हो. तेवढ्यावर आमचं चालायचं. बर्चच्या झाडाच्या पाल्याची जुडी भिजवून तो माझ्या पाठीवर हलके मारायचा, मग मी त्याच्या. दगडांवर पाणी पडलं की सर्रकन आवाज व्हायचा, आणि मला तापल्या वाळूत पडलेला ओलसर तांदूळ ऐकू यायचा. भट्टीवर आई शेजारी बसून चाळायची, पदरानं माझं तोंड पुसायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण तिथं सगळ्या अंगातूनच येतं, कोण विचारतंय. बाहेर आलो की टॉवेल गुंडाळून बाकावर बसायचं, पाणी प्यायचं, काळजाची धडधड खाली आली की मगच परत आत. खिडकीतून बायको विचारायची, अहो, आहात ना? आहे म्हणायचो.

गेल्या थंडीत त्याचं घर विकलं गेलं. तो लेकीकडं न्युरेम्बर्गला फ्लॅटमध्ये निघाला. तिथं कसली बान्या. शेवटच्या शनिवारी बाकावर बसलो होतो, दोघांच्या अंगातून वाफ निघत होती. तोवर मला थोडं जर्मन यायला लागलेलं. जुळवाजुळव करून विचारलं, एवढ्या गल्लीत तू मलाच का बोलावलंस? मनात म्हटलं, आता भट्टीवाल्याची तारीफ ऐकू.

त्यानं टोपी काढून पिळली. "समोरच्या घरातला यायला तयार होता," म्हणाला. "पण तो बोलतो. तुला भाषा येत नव्हती. आता यायला लागलीय, बरं झालं मी चाललो."