बाईंनी खोडलेलं ‘होय’

इंगळे बाई शाळेत गेल्या की आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत जात नसत. पोरींच्या घोळक्यात बसत आणि विचारत, “तुमच्या गल्लीतलं कोन शाळेत येत नाई?” मुख्याध्यापक दारात ताटकळत, पण बाईंना त्याचं काही वाटत नसे.

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा कोणतं राज्य कितपत पाळतं, याची पाहणी तेव्हा काही राज्यांत चालू होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रश्नावल्या भरायचं काम माझ्याकडे आलं. मी चिखलीची, नुकतीच एम.ए. झालेली. जळगाव जामोदकडची खेडी मला अनोळखी, म्हणून तिथल्या फिरत्या विशेष शिक्षिका इंगळे बाई सोबतीला मिळाल्या. बुटक्या, पन्नाशीच्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट. नोकरी कंत्राटी, आणि एकटीकडे सारा तालुका. माझ्या प्रश्नावलीचा मला फार अभिमान होता. बाई म्हणायच्या, “कागद लय शहाना असते. इचारलं तेवढंच सांगते.”

सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मी मुख्याध्यापकांना विचारलं, घरी राहणाऱ्या दिव्यांग मुलांना कुणी घरी जाऊन शिकवतं का? ते होय म्हणाले. मी ‘होय’वर खूण केली. तोवर पोरींनी बाईंना कविताचं घर सांगितलं होतं.

कविता नऊ वर्षांची होती, पायांत बळ नव्हतं. नाव शाळेच्या पटावर होतं, पण शाळा तिने पाहिली नव्हती. ओट्यावर बसून ती धाकट्या बहिणीचं पुस्तक वाचत होती, उलटं धरून. मी ते सरळ करून दिलं, तर तिला एक अक्षर लागेना. बहीण अभ्यासाला बसे तेव्हा ही समोर बसायची, आणि समोरून जसं दिसलं तसंच वाचायला शिकली होती. शिकवायला कुणी येतं का, विचारल्यावर आई म्हणाली की वर्षातून एकदा शाळेतले लोक येऊन कागदावर अंगठा घेऊन जातात.

बाईंनी माझ्या हातातून प्रश्नावली घेतली, ‘होय’ खोडलं आणि बाजूला लिहिलं, “शिकवायला कोणी येत नाही. मीही आले नाही.” खाली सही केली.

मुख्याध्यापक संतापले. कंत्राट दरवर्षी नवं करावं लागतं, याची त्यांनी बाईंना गोड शब्दांत आठवण करून दिली. पाहणीच्या पुण्यातल्या कार्यालयातून मला फोन आला की खाडाखोड केलेला कागद चालणार नाही, नवा भरून पाठवा. मी घाबरून भरायलाही बसले होते.

“नोकरी गेली तं जाईल,” बाई म्हणाल्या. “त्या पोरीसमोर मी कोनत्या तोंडानं बसू?”

मग आम्ही तालुक्यातल्या अशा प्रत्येक मुलाच्या घरी गेलो. एसटी नसेल तिथे जीपने, जीप नसेल तिथे पायी. बहुतेक घरी तेच उत्तर मिळालं. ते सगळं सह्यांनिशी पुण्याला धाडलं.

या वेळी कार्यालय हललं. इतर राज्यांतही अशी घरं तपासली गेली, आणि बऱ्याच ठिकाणची ‘होय’ गळून पडली. पुढच्या फेरीपासून नियमच झाला की मुलाला भेटल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. अहवालाच्या बैठकीत बाईंना बोलावून व्यासपीठावर बसवलं. कंत्राट गेलं नाहीच, उलट तालुक्याला आणखी दोन शिक्षिका मिळाल्या. आणि ज्या मुख्याध्यापकांनी धमकावलं होतं, त्यांनीच शाळेच्या पायरीवर सिमेंटचा उतार बांधून घेतला. कविताची चाकाची खुर्ची पहिल्या दिवशी त्यांनीच ढकलत वर्गात नेली. त्यांचेही डोळे भरून आले होते, हे सांगायलाच हवं.

परवा बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं चालू असताना मागचं दार उघडलं आणि कविता आत आली. आता ती अकरावीला आहे, शेगावला वसतिगृहात राहते. आता कुबड्यांवर चालायला शिकलेली, दोन एसटी बदलून एकटी आली होती. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बाई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या. ती जवळ येईपर्यंत थांबल्या आणि डोळे पुसत दरडावून म्हणाल्या,

“कॉलेज काऊन बुडवलं बे?”

“अर्ज देऊन आली, बाई,” कविता म्हणाली.