देवासाठी घेतलेला कॅमेरा

“आधी पाण्याले विचारू,” असं म्हणून तो कुठलीही नवी वस्तू पाण्यात बुडवायचा. मनगटी घड्याळ, जेवणाचा डबा, टॉर्च, काहीही. सुरतेच्या एका मिलमध्ये, रंगखात्यात तो कामाला होता. मिलमध्ये कोणता रंग चालू आहे हे त्याच्या नखांवरून कळायचं. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो.

मी तेव्हा सुरतेतच, कतारगामच्या एका फोटोच्या दुकानात काम करत होतो. एक दिवस भाऊ आला आणि पाण्यात चालेल, दगडावर आपटला तरी फुटणार नाही, असा लहान कॅमेरा मागू लागला. लग्नाबारशाची गिऱ्हाइकं आम्हाला ठाऊक; हे नवीनच होतं.

त्याच्या गावाजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, एक गुहा आहे. आत गळ्याएवढं पाणी, पुढे पोटावर सरपटत जायचं, आणि शेवटी देव. भाऊच्या जन्माच्या वेळी मायने नवस केला होता, पोर जगलं तर तुझ्या दर्शनाला येईन म्हणून. पोर जगलं, माय गुहेच्या तोंडाशी गेली, पाणी बघून माघारी आली. तेव्हापासून म्हैस मेली तरी देव कोपला, पत्रे उडाले तरी देव कोपला. आता गुडघे गेले होते आणि भीती इतकी वाढली होती की तिचं जेवण सुटलं होतं. डॉक्टरला काही सापडत नव्हतं. जे आत जाऊन आले त्यांनी देव चांगला पुरुषभर करूनच सांगितला होता. एवढं सरपटून गेल्यावर लहान कोण सांगेल? भाऊही त्यातलाच. आता खरं सांगून मायला पटलं नसतं, म्हणून फोटो हवा होता.

मी तीन कॅमेरे काढले. पहिला फक्त पावसाच्या शिंतोड्यांपुरता, तो बाद. दुसऱ्याचं बटण इतकं बारीक, की ओल्या, फुगलेल्या बोटांना सापडणार नाही. तिसरा पिवळा, जाड रबराचा. त्याची दोरी दातात धरून भाऊ भर दुकानात काउंटरखालून सरपटत गेला. एक बाई फोटो न घेताच निघून गेल्या.

मग त्याने फिल्मच्या जागी पांढऱ्या कापडाची चिंधी ठेवली आणि बादलीत गुलाबी रंग कालवला. दुकानाचे मालक शेठजी काकुळतीला आले. “भाई, आ कॅमेरा छे, साडी नथी.” भाऊ म्हणाला, खोक्यावर पाण्यात चालतो असं लिहिलंय ना, मग कशाला घाबरता. कॅमेरा चांगला चहा पिऊन होईपर्यंत बुडवून ठेवला. चिंधी पांढरीशुभ्र निघाली. पिवळं रबर मात्र खाचाखाचांतून गुलाबी झालं, त्यामुळे शेठजींना तो विकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

पहिला रोल धुतला तर सगळीकडे धुकंच धुकं. त्याच्याच श्वासाची वाफ फ्लॅशमध्ये चमकली होती. दुसऱ्या खेपेला त्याने श्वास रोखून बटण दाबलं. कागदावर चित्र उमटताना मीही श्वास रोखलाच होता, खोटं कशाला बोलू. शेंदूर लावलेला नारळाएवढा दगड, आणि मापासाठी शेजारी भाऊचा पंजा.

मायने फोटो उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिला, असं भाऊने मला सांगितलं. मग म्हणाली, “इतलासाच शे का देव? आनि एकलाच बठेल शे पानीमा.” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवशी तिने दोन भाकरी खाल्ल्या.

पुढे त्याची मिल बंद झाली आणि तो गावी निघाला. मी स्टेशनवर गेलो होतो. कॅमेरा गळ्यात होता, आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मायने शिवून धाडलेली, लहान बाळाची असते तशी कुंची. देवाला थंडी वाजत असेल म्हणून.

“आता भीती गेली तिची,” तो म्हणाला, “काळजी लागली.”

तो पुन्हा सुरतेला आला नाही. भेटला असता तर कुंची देवाला नीट बसली का, एवढंच मला विचारायचं होतं.