पुकारा नको

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात होते. दारात उभा राहून शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता, आणि मला आधी महेशच आठवला...

आम्ही दोघी वकील. औरंगपुऱ्यात एकत्र ऑफिस. बाई भांडखोर, आणि त्याचा तिला भारी अभिमान. महेश तिचा अशील, एकोणीस वर्षांचा, सोयगावकडचा. शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवल्याचं त्यानं कबूल केलं होतं. प्रश्न उरला होता शिक्षेचा: तुरुंग, की घरी राहून उपचार? डॉक्टरांचे कागद होते, पण पोराचं वागणंच त्याच्यावर उलटत होतं. नावाचा पुकारा झाला की हा कान झाकून फाटकाकडे पळायचा. सगळे म्हणायचे, मुजोर आहे.

"मुजोर नाय वो ताई," त्याची आई म्हणाली. "त्याच्या कानात आधीच लई आवाज असत्यात. वरून कुणी वरडलं की त्याला वाटतं, मारायलाच आले."

निर्मलानं थेट अर्जच दिला, पुकारा नको म्हणून. मी वैतागले. "अगं, पुकाऱ्याशिवाय कोर्टात कुणी आत गेलंय का?"

"आता जाईल," ती म्हणाली.

अर्ज मंजूर झाला. शिक्षेवर म्हणणं ऐकायच्या दिवशी ती बाकावर महेशशेजारी बसली. शिपायानं दारातून नुसती मान हलवली, तशी ती हळूच म्हणाली, "चल रे, आपला नंबर आला." आणि तो शांतपणे चालत आत गेला. न्यायाधीशांनी विचारलं, आग का लावलीस?

"आवाज थांबतील वाटलं, साहेब... नाय थांबले."

न्यायाधीशांनी पुढचं सगळं हलक्या आवाजात विचारलं. उपचार चालू ठेवायच्या अटीवर, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला आईबरोबर घरी पाठवलं. बाहेर येताच निर्मला "जिंकलो!" म्हणून एवढ्या जोरात ओरडली, की महेशनं पुन्हा कान झाकले. मग तोच आधी हसला. त्या दिवशी तिनं अख्ख्या व्हरांड्याला चहा पाजला आणि प्रत्येकाकडून स्वतःचं कौतुक करून घेतलं. महेश आजही गोळ्या घेतो, शेतातलं सगळं ठिबक तोच बघतो.

तिची फार आठवण येते. परवा त्याच व्हरांड्यात बाकावर एक आरोपी पोरगी थरथरत बसली होती. तोच शिपाई बाहेर आला, पुकाऱ्यासाठी त्यानं छाती भरून श्वास घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि श्वास सोडून दिला. जवळ जाऊन वाकला.

"चल माय, आपला नंबर आला."

अर्ज कुणीच दिला नव्हता.