गोचीड ताप
आज गोठ्यात गोचिडाचं औषध फवारलं आणि त्या उग्र वासानं ताडकळसचा एक उन्हाळा आठवला. दीर-जाऊ ऊसतोडीहून परतले, तेव्हा सोबत नेलेलं कुत्रं ट्रॅक्टरमधून उतरेचना. कानांत, पायाच्या बोटांमध्ये गोचीड चिकटलेले, आणि पुढं टाकलेली भाकर त्यानं हुंगलीसुद्धा नाही. "कुत्र्याला कुटं दवाखाना असतो व्हय?" सासरे म्हणाले. जाऊ एरवी त्यांच्यापुढं बोलायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "मामा, ह्याच्या भरवशावर लेकरं फडावरच्या पाचटाच्या कोपीत ठिवून आमी ऊस तोडलाय." मी स्कूटी काढली, ती कुत्र्याला मांडीवर घेऊन मागं बसली. जनावरांच्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "गोचीड ताप हाय, रक्त लय कमी झालंय," ते म्हणाले. "इंजेक्शनं देतो, पण गोठाबी फवारा, न्हाईतर गोचीड परत लागतील." घरी येऊन हे सांगितलं. सासऱ्यांनी फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि गोठ्याच्या भिंतींची एकेक फट भिजवली. पुढं कितीतरी दिवस कुत्रं नुसतं पडून होतं. मग एका सकाळी अंगणातून सासऱ्यांचीच हाक आली, "आगं, भाकर खायलाय बग!" जाऊ पिठाच्या हातानं पळत गेली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं, ते तेवढंच.